पिप्पीची आई, लासेची आई : अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन

शेवंती :

बालसाहित्याच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की पिप्पीसारखं बेबंद पात्र सुचायला बाईचं आयुष्य खात्यापित्या घरचं, निवांत गेलेलं असणार. तिथेच उत्तर द्यायला बसले तर ते मावेना, म्हणून हा वेगळा धागा. मी स्टॉकहोमजवळ राहते. इथे पिप्पी लिहिणाऱ्या अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेनला टाळून मूल वाढवताच येत नाही. शाळेत ती, ग्रंथालयात ती, मुलांच्या नाटकात ती आणि 20 क्रोनरच्या नोटेवरही तीच.

पिप्पी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नऊ वर्षांची मुलगी, लाल केसांच्या आडव्या उभ्या राहणाऱ्या दोन वेण्या, तोंडभर वांग, दोन पायांत दोन रंगांचे मोजे. आई देवाघरी, बाप जहाजाचा कप्तान आणि तो समुद्रात बेपत्ता. एका मोठ्या घरात ही एकटी राहते. सोबतीला व्हरांड्यात घोडा, खांद्यावर माकड आणि सोन्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी. पोलिसांना उचलून अंगणाबाहेर ठेवते, पण कुणाला त्रास म्हणून देत नाही. पुस्तक 1945 चं आहे.

आता ही लिहिणारी बाई. जन्म 14 नोव्हेंबर 1907. दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलांड भागात विम्मरबी नावाचं लहान गाव, त्याच्या कडेला नेस ही चर्चच्या मालकीची शेती. वडील सामुएल आउगुस्त एरिक्सन ती खंडाने कसायचे. चार भावंडं, अ‍ॅस्ट्रिड दुसरी. शेतावर कामं करायची, आईने नेमून दिलेलं संपलं की दिवसभर कुठेही उंडारायची मोकळीक. पुढे तिला बालपणाबद्दल विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असे: घरात सुरक्षितता होती आणि मोकळीक होती. गोष्टींची गोडी मात्र घरात लागली नाही, ती गडीमाणसाच्या स्वयंपाकघरात लागली. गोठ्यावरच्या माणसाची मुलगी एडित हिने चुलीपाशी बसून एका राक्षसाची आणि परीची गोष्ट वाचून दाखवली. या पोरीला अजून वाचताही येत नव्हतं.

तेराव्या वर्षी तिचा शाळेतला निबंध गावच्या वर्तमानपत्रात छापून आला आणि लोक चिडवायला लागले, ‘विम्मरबीची सेल्मा लागरलॉफ’ म्हणून. लागरलॉफ म्हणजे नोबेल मिळवणारी पहिली स्त्री साहित्यिक. त्या चिडवण्याचा तिने एवढा धसका घेतला की ठरवूनच टाकलं, पुस्तक म्हणून लिहायचं नाही. (20 क्रोनरच्या नोटेवर आधी लागरलॉफच होती. 2015 साली तिच्या जागी ही आली.)

शाळा संपल्यावर त्याच वर्तमानपत्रात ती उमेदवारी करायला लागली. मुद्रितं तपासायची, छोट्या बातम्या लिहायच्या. संपादक राइनहोल्ड ब्लूमबेरी तिच्याहून तीस वर्षांनी मोठा, संसारी, पोराबाळांचा बाप. अठराव्या वर्षी तिला त्याच्यापासून दिवस गेले. त्याची लग्नाची तयारी होती, हिने साफ नकार दिला. 1926 सालचं ते एवढंसं गाव आणि चर्चच्या जमिनीवर राहणारं कुटुंब, तेव्हा काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. ती गाव सोडून स्टॉकहोमला आली आणि टंकलेखन-लघुलेखन शिकायला लागली.

इव्हा आंदेन ही वकील तिथे तिच्या मदतीला आली. स्वीडनच्या वकील संघटनेतली ती पहिली स्त्री. तिने सुचवलं की कोपनहेगनच्या सरकारी रुग्णालयात जा, तिथे बापाचं नाव न सांगता बाळंत होता येतं. 4 डिसेंबर 1926 ला लार्स जन्मला. सगळे त्याला लासे म्हणत. मारी स्टीव्हन्स नावाच्या डॅनिश बाईकडे त्याला सांभाळायला ठेवून ही स्टॉकहोमला परतली. भाड्याची खोली, कारकुनी पगार, जेवणाची ओढाताण. पैसे साठले की रात्रीची गाडी धरायची, पोराला भेटायचं आणि सोमवारी पुन्हा टंकयंत्रापुढे.

अशी तीन वर्षं गेली. मग मारीला हृदयविकाराने गाठलं आणि 1930 च्या जानेवारीत लासेला आणावं लागलं. तो बोलायचा डॅनिश, त्याच्या लेखी आई म्हणजे मारी. त्यात त्याला डांग्या खोकला झाला. भाड्याच्या खोलीत रात्ररात्र खोकणारं ते मूल, आणि सकाळी हिला कामावर जायचंय. तिने नंतर सांगितलंय की तो रडायचा तेही आवाज न करता. रडून काही उपयोग नाही हे कळल्यासारखा. काही महिन्यांनी तिच्या आईवडिलांनी त्याला नेसला ठेवून घेतलं. ज्या गावातून ती पोट दिसू नये म्हणून निघून गेली होती, त्याच गावात ती पोराचा हात धरून उजळमाथ्याने फिरली. 1931 साली मोटार क्लबातला तिचा वरिष्ठ स्तूर लिंडग्रेनशी लग्न झालं आणि मग लासे कायमचा घरी आला. 1934 ला कारिन झाली.

हे सगळं स्वीडनमधल्या वाचकांना कळलं ते 1977 सालच्या चरित्रातून. तोवर ती सत्तरीची झाली होती आणि अर्धा देश तिच्या गोष्टींवर वाढला होता.

आता पिप्पी. 1941 साली कारिन न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली होती. आईच्या मागे लागली, ‘पिप्पी लाँगस्ट्रुम्पची गोष्ट सांग.’ नाव तिने तिथल्या तिथे बनवलेलं. आईनेही ही कोण, कुठली असं काही न विचारता सुरुवात केली. 1944 च्या मार्चमध्ये स्टॉकहोमच्या वासा बागेत ताज्या बर्फावरून घसरून अ‍ॅस्ट्रिडचा पाय मुरगळला. पडून राहायचं होतं, तर इतके दिवस सांगितलेल्या गोष्टी तिने लघुलेखनात उतरवून काढल्या आणि मे महिन्यात कारिनच्या दहाव्या वाढदिवसाला त्या टंकून, बांधून भेट दिल्या. एक प्रत बोनिअर या बड्या प्रकाशकाला पाठवली. सोबतच्या पत्राचा शेवट काय, तर आपण बालकल्याण मंडळाला कळवणार नाही अशी आशा बाळगते! बोनिअरनी हस्तलिखित परत केलं. राबेन अँड शोग्रेन या कशाबशा तग धरून असलेल्या छोट्या प्रकाशनाच्या स्पर्धेत पुढच्या वर्षी त्याच पिप्पीला पहिलं बक्षीस मिळालं आणि ते प्रकाशन तरलं.

मला सगळ्यात जास्त हे दिसतं: ती विनोदी म्हणून ओळखली जाते, पण तिच्या गोष्टींत एकटं पडलेलं मूल कुठे ना कुठे असतंच. परक्या घरी वाढलेला आणि संध्याकाळी बागेतल्या बाकावर एकटाच बसलेला मिओ (1954), अनाथाश्रमातून पळालेला रासमुस (1956), अंथरुणात मरणाची वाट पाहणारा ‘ब्रदर्स लायनहार्ट’मधला धाकटा भाऊ (1973). पिप्पीचंही तेच. शेजारची भावंडं, टॉमी आणि अनिका, आपल्या घरी झोपायला जातात तेव्हा ती एकटीच असते. पैसे, ताकद, घोडा सगळं तिच्यापाशी आहे, आई नाही. हे मूल कोपनहेगनहून आलं असं मी मानते.

आम्ही_अर्धवट :

लेख आवडला, तपशील भरपूर. शेवटचा परिच्छेद मात्र पटला नाही. लेखकाच्या आयुष्यातली एक जखम शोधायची आणि सगळी पुस्तकं तिच्याच खुंटीला टांगायची, हे हल्ली फार चालतं. एकटं मूल बालसाहित्यात सगळीकडेच असतं, कारण आईबाप हजर असले की साहस घडत नाही. गोष्ट चालायला ते लागतंच. शिवाय गडीमाणसाच्या स्वयंपाकघरात ऐकलेल्या राक्षस-परीच्या गोष्टीचं काय? भावंडांबरोबर हुंदडण्याचं काय? तिच्याच बुलरबी या खेड्याच्या पुस्तकांत सहा मुलं, तीन घरं आणि नुसता आनंद आहे. तिथे तुमचं कोपनहेगन कुठे दिसतं?

शेवंती :

बुलरबीत नाही दिसत, मान्य. ती नेसची पुस्तकं आहेत, वडिलांच्या मूळ वाडीवर बेतलेली. पण तंत्र म्हणून आईबाप दूर करणं आणि मूल रात्री एकटं झोपताना काय करतं ते सांगणं यात फरक आहे. पिप्पी उशीवर पाय आणि पांघरुणाखाली डोकं ठेवून झोपते, स्वतःलाच दरडावून झोपायला पाठवते. आधी गोडीने सांगते, मग दरडावते, तरी ऐकलं नाही तर माराची धमकी. मुलं याला खदखदून हसतात. मला वाचून दाखवताना तिथे आवंढा येतो. साहस घडवायला एवढा तपशील लागत नाही.

लघुहस्त :

लघुलेखनाचा उल्लेख वाचून राहवलं नाही. मी मंत्रालयात स्टेनो म्हणून आयुष्य काढलं. पिटमन पद्धतीचं लघुलेखन, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. गोष्टी लघुलेखनात लिहिणं म्हणजे काय हे बाहेरच्याला चटकन कळायचं नाही. साहेब बोलत असताना हात बोलण्याच्या वेगाने चालतो, त्यामुळे आपण लिहितोय असं वाटतच नाही, ऐकतोय असं वाटतं. बाईंनी गोष्टी आधी मुलीला बोलून सांगितल्या आणि मग तशाच आवाजात वहीवर उतरवल्या, तर त्या भाषेत बोलीचा बाज टिकणारच. साध्या लिपीत हात मागे पडतो आणि माणूस वाक्य सजवायला लागतो.

एक शंका. त्या वह्या आहेत का अजून? आमच्याकडे निवृत्तीच्या दिवशी रद्दीत गेल्या. आणि दुसऱ्याची वही वाचणं महाकठीण. प्रत्येकाच्या आपापल्या खुणा असतात. आमच्या सेक्शनला एका नावासाठी मी नुसता एक ठिपका द्यायचो.

शेवंती :

लघुहस्त काका, वह्या आहेत! 600 हून जास्त, इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि बालसाहित्य संस्थेत जपलेल्या. तुम्ही म्हणता तेच झालं. कित्येक वर्षं कुणाला त्या वाचता येत नव्हत्या, कारण मेलिन नावाची ती स्वीडिश पद्धत जाणणारे लोक कमी आणि त्यात बाईंच्या स्वतःच्या खुणा. अलीकडे अभ्यासकांनी जुन्या स्टेनोंची मदत घेऊन त्या उलगडायचा मोठा प्रकल्प केला.

तिचा दिवस असा असे: सकाळी अंथरुणातच वही घेऊन लिहायचं. दुपारी एक वाजता प्रकाशनाच्या कचेरीत. कारण 1946 ते 1970 ती त्याच राबेन अँड शोग्रेनमध्ये बालविभागाची संपादक होती. इतरांची हस्तलिखितं वाचणं, चित्रकार शोधणं, परदेशी पुस्तकं निवडणं. म्हणजे देशातली सर्वांत खपणारी लेखिका रोज अर्धा दिवस दुसऱ्यांच्या पुस्तकांची नोकरी करत होती. यावर फार कमी लिहिलं जातं. मला ते पिप्पीइतकंच मोठं काम वाटतं.

त्याआधीच्या नोकऱ्याही बघा. एका गुन्हेशास्त्रज्ञाकडे स्टेनो होती, तिथून पुढे बालगुप्तहेर काले ब्लूमक्विस्टची पुस्तकं आली. आणि युद्धात, 1940 पासून, पत्रांची तपासणी करणाऱ्या गुप्त खात्यात. अनोळखी लोकांची पत्रं वाफेवर उघडून वाचायची. त्या कामाची तिला किळस होती, पण त्यातूनच तिला युरोपात ज्यूंचं काय चाललंय ते कळत होतं. युद्ध सुरू झालं त्या दिवसापासून, 1 सप्टेंबर 1939 पासून, ती रोजनिशी लिहीत होती. मधेमधे वर्तमानपत्राची कात्रणं चिकटवलेली. तिच्या पश्चात 2015 साली ती छापली गेली. पिप्पी त्याच वर्षांत, त्याच घरात सांगितली जात होती. हातात अफाट ताकद असूनही कुणावर न वापरणारी मुलगी, ते साल 1944. यावर मी जास्त बोलत नाही, नाहीतर आम्ही_अर्धवट पुन्हा खुंटी काढतील.

आम्ही_अर्धवट :

खुंटी तयारच आहे. :) पण रोजनिशीचा मुद्दा मला लासेपेक्षा जास्त पटतो.

खडूस_काका :

सगळे कौतुक करतायत तर मी विरोधी बाकावर बसतो. नातीला इंग्रजी पिप्पी वाचून दाखवली. ही पोरगी शाळेत जात नाही, मोठ्यांना उलट बोलते, खोटं बोलते, जमिनीवर पोळ्या लाटते. नातीने दुसऱ्या दिवशी ओट्यावर चढून साखरेचा डबा पालथा केला. आमच्या वेळी असलं काही वाचायला मिळालं असतं तर वडिलांनी आधी पुस्तक आणि मग आम्हाला बडवलं असतं. आणि त्यात आमचं काही वाईट झालं नाही.

शेवंती :

काका, तुमच्या बाजूने मोठा माणूस उभा होता. 1946 साली जॉन लांडक्विस्ट या प्राध्यापकाने वर्तमानपत्रातून पिप्पीवर झोड उठवली. मनावर ओरखडे काढणारं पुस्तक, कुठलंही धडाचं मूल अख्खा केक एकटं खात नाही आणि साखरेवर अनवाणी चालत नाही, असा त्यांचा आक्षेप. साखर तेव्हाही मध्ये होतीच! पुढे तिने म्हटलं की अख्खा केक खाणं धडाचं नसेल, पण मग घोडा एका हाताने उचलणं तरी कुठे धडाचं आहे.

घोड्यावरून आठवलं. फ्रेंच भाषांतरकारांनी घोड्याचा तट्टू केला. म्हणे युद्ध भोगलेल्या फ्रेंच मुलांना घोडा उचलणं खरं वाटणार नाही. हिने उलटटपाली कळवलं, तट्टू उचलणाऱ्या फ्रेंच मुलीचा फोटो पाठवा.

रानजाई :

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. खडूस काकांच्या ‘बडवलं’ला उत्तर अ‍ॅस्ट्रिडनेच देऊन ठेवलंय, ते इथे यायलाच हवं.

1978 साली तिला जर्मन पुस्तकविक्रेत्यांचा शांतता पुरस्कार मिळाला. समारंभ फ्रँकफर्टच्या पॉलच्या चर्चमध्ये. भाषण आधी मागवलं गेलं आणि वाचून आयोजकांचे धाबे दणाणले. भाषण नको, फक्त आभार माना, असं सुचवलं गेलं. ती म्हणाली, मग मी येतच नाही. शेवटी आली आणि पूर्ण बोलली. विषय: जगातली हिंसा कमी करायची तर सुरुवात घरात मुलांना मारणं थांबवण्यापासून करा.

त्यात तिने एका म्हाताऱ्या बाईकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. त्या बाईच्या लहान मुलाने काहीतरी आगळीक केली. तिला मारणं पटत नव्हतं, पण काळच तसा होता, तेव्हा तिने त्याला सांगितलं, जा, बाहेरून एक छडी शोधून आण. पोरगा बराच वेळ आला नाही. मग रडत रडत आला. म्हणाला, छडी नाही सापडली, पण हा दगड घे, तू तो मला मारू शकतेस. आईला एकदम त्याच्या जागेवरून दिसलं: आईला मला दुखवायचंच आहे, तर दगडानेही चालेल. दोघं रडली. तो दगड तिने स्वयंपाकघरातल्या फळीवर कायमचा ठेवून दिला.

पुढच्याच वर्षी, 1979 साली, स्वीडनने घरातसुद्धा मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली. असं करणारा तो जगातला पहिला देश. एका भाषणाने कायदा झाला असं नाही, तयारी आधीपासून चालू होती, पण लोकांना समजेल अशा शब्दांत ते मांडायचं काम तिने केलं.

आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम शाळेत मारायला आणि मानसिक छळाला मनाई करतं. घराबद्दल अवाक्षर नाही. माझ्याकडे पालक येऊन सांगतात, ‘बाई, दोन द्या ठेवून, आमची काही तक्रार नाही.’ मी पालकसभेत दगडाची गोष्ट सांगते. पहिल्यांदा सांगितली तेव्हा मागे बसलेले एक आजोबा उठून बाहेर गेले. रागावले असं वाटलं होतं. नंतर ओसरीवर भेटले, डोळे पुसत होते. त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

खडूस_काका :

गोष्ट चांगली आहे, नाकारत नाही. पण मग श्यामच्या आईचं काय करायचं? विहिरीवर पोहायला जात नाही म्हणून तिने श्यामला शिंपटीने झोडपलंच की. आणि तेच पुस्तक आपण तीन पिढ्या संस्काराचं म्हणून वाचतोय. ती आई वाईट होती का?

रानजाई :

नव्हतीच. पण काका, ती गोष्ट सांगतोय कोण? मोठा झालेला श्याम. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर, आश्रमातल्या मित्रांना, आईला वंदन करत. दगडाच्या गोष्टीत मार न खाल्लेलं मूल त्या क्षणी काय समजलं ते आहे. दोन्ही वर्गात लागोपाठ वाचून दाखवावं आणि मुलांना बोलू द्यावं, असं माझ्या डोक्यात कधीचं आहे. मुलं काय बोलतील याची थोडी भीतीही वाटते.

ताळेबंद :

व्यवसायाने सीए आहे, त्यामुळे मला ही बाई वेगळ्याच कारणाने माहीत. कराच्या वर्गात आम्हाला तिचं उदाहरण द्यायचे. 1976 साली तिच्या लक्षात आलं की वाढीव उत्पन्नावर तिला 102 टक्के कर लागतोय. छपाईची चूक नाही, एकशे दोन. नोकरदार असती तर तिने आयकर भरला असता आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी मालकाने. लेखिका स्वतंत्र व्यावसायिक, म्हणजे नोकरही तीच आणि मालकही तीच, दोन्ही खिसे तिचेच. वरच्या टप्प्यावर दोन्हींची बेरीज शंभराच्या पुढे गेली. जास्त पुस्तकं खपली की बाई गरीब!

तिने 3 मार्च 1976 ला ‘एक्स्प्रेसेन’ या दैनिकात याच्यावर परीकथा लिहिली. पॉम्पेरिपोसा नावाची लेखिका, देशाचं नाव मोनिस्मानिया. अर्थमंत्री गुन्नार स्त्रेंग संसदेत म्हणाले की बाईंना गोष्टी छान सांगता येतात पण गणित येत नाही. तिचं उत्तर: गोष्टी त्यांना छान जमतात, हिशेब मला जमतो, आम्ही नोकऱ्या बदलू. आणि हिशेब तिचाच बरोबर निघाला, सरकारलाही ते मानावं लागलं. त्याच सप्टेंबरात सोशल डेमोक्रॅट चाळीसहून अधिक वर्षांनी सत्तेबाहेर गेले. अणुवीज वगैरे इतर मुद्दे होतेच, एका गोष्टीने सरकार पडत नाही. तरी त्या निवडणुकीचा इतिहास पॉम्पेरिपोसाशिवाय कुणी लिहीत नाही. विशेष म्हणजे ती स्वतः आयुष्यभर त्याच पक्षाची मतदार होती.

आपण हसायचं कारण नाही. 1973-74 साली आपल्याकडे अधिभारासकट सर्वांत वरचा दर 97.75 टक्के होता. संपत्ती कर वेगळा. फक्त आपल्या कुणा बालसाहित्यिकाला तो टप्पा गाठता आला नाही, त्यामुळे परीकथा झाली नाही.

शेवंती :

ताळेबंद, शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं.

याच बाईने पंच्याहत्तरी उलटल्यावर कोंबड्या-गाईंचा विषय हातात घेतला. क्रिस्टिना फोर्सलुंड या पशुवैद्य बाईंबरोबर वर्तमानपत्रांतून लेखामागून लेख: पिंजऱ्यात कोंबलेल्या कोंबड्या, सिमेंटवर जन्म काढणारी डुकरं, हिरवं गवत न पाहिलेल्या गाई. तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाला खुद्द पंतप्रधान इंगवार कार्लसन कायद्याची भेट घेऊन आले. 1988 साली तो कायदा झाला, ‘लेक्स लिंडग्रेन’ म्हणूनच ओळखला जातो. उन्हाळ्यात गाईंना कुरणात सोडणं त्यात बंधनकारक झालं. मे महिन्यात गोठ्याची दारं उघडतात तेव्हा गाई अक्षरशः उड्या मारत सुटतात. तो सोहळा बघायला इथे शहरातली माणसं पोराबाळांना घेऊन जातात. आम्हीही जातो. बाई मात्र कायद्यावर खूश नव्हत्या. धार बोथट करून माझ्या गळ्यात हार घातला, असा त्यांचा सूर होता.

उंटावरची_शहाणी :

धागा सुंदर. एक अडचणीचा प्रश्न विचारू का? पिप्पीचा बाप दक्षिण समुद्रातल्या बेटावर ‘निग्रोंचा राजा’ असतो, आणि पिप्पी परदेशी लोकांबद्दल वाट्टेल त्या थापा मारते. मी जुनी इंग्रजी प्रत वाचताना अडखळले. मुलगी अमेरिकेत शाळेत जाते, वर्गात ती एकटीच सावळी. तुम्ही तिथे काय करता?

शेवंती :

प्रश्न रास्त आहे आणि इथेही त्यावर रण माजलं होतं. जर्मन आवृत्तीत 2009 साली आणि स्वीडिशमध्ये 2015 साली ते ‘दक्षिण समुद्राचा राजा’ असं बदललं. स्वीडिश बदल घरच्यांच्या संमतीनेच झाला. तिने स्वतःही हयातीतच म्हटलं होतं की आज लिहीत असते तर तो शब्द वापरला नसता. माझं मत: शब्द बदलला ते बरं केलं, पण त्याने सगळं सुटत नाही. गोरा माणूस वाहत जातो आणि बेटावरचे लोक त्याला लगेच राजा करतात, ही कल्पना तशीच राहते. मी घरी नवीन आवृत्ती वाचते आणि त्या बेटावरच्या प्रकरणाला थांबून बोलते. आमची लेक म्हणाली, ‘त्यांना आधी राजा नव्हता का? त्याला काढून टाकलं का?’ बरोबर जागी बोट ठेवलं पोरीने.

आम्ही_अर्धवट :

लेकीला समीक्षक करा. आता कामाचं विचारतो. घरात आठ वर्षांचा मुलगा आहे, वाचनाचा कंटाळा, मस्ती भरपूर. कुठून सुरू करू? आणि स्टॉकहोमला आलो तर काय बघायचं?

शेवंती :

आठ वर्षांच्या मस्तीखोराला पिप्पी नको, एमिल द्या (1963). स्मोलांडच्या शेतावरचा पाच वर्षांचा उपद्व्यापी मुलगा. सुपाच्या भांड्यात डोकं अडकवतो, धाकट्या बहिणीला झेंड्याच्या काठीवर चढवतो. दर वेळी बाप ओरडतो आणि याला लाकडाच्या खोलीत कोंडतो. तिथे बसून तो लाकडाची बाहुली कोरतो. बाहुल्यांची रांग वाढत जाते. वाचताना बापाच्या आरोळीला घसा मोकळा सोडा, मुलांना तेच हवं असतं. इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात, वाचता वाचता मराठीत सांगत गेलात तरी रंगतं. रानजाई असंच करत असणार.

‘ब्रदर्स लायनहार्ट’ नंतर, दहाच्या पुढे. आणि आधी तुम्ही एकट्याने वाचून काढा. पहिल्याच काही पानांत दोन भावांपैकी एक जातो, शेवटही सोपा नाही. त्या शेवटावरून टीका झाली तेव्हा बाईंचं म्हणणं होतं की मुलांना तो दुःखाचा वाटत नाही, मोठ्यांनाच वाटतो.

स्टॉकहोममध्ये दालागातान 46. 1941 पासून 28 जानेवारी 2002 ला वारेपर्यंत ती त्याच घरात राहिली. समोरच ती पाय घसरलेली वासा बाग. घर आता आधी नोंदणी करून, लहान गटाने बघता येतं. तिकिटं पटापट संपतात, तेव्हा विमानाच्या आधी त्याचं बघा. मुलासाठी यूनिबाकेन हे मुलांचं संग्रहालय आहे, गोष्टींमधून जाणारी छोटी गाडी असलेलं. उन्हाळ्यात आलात आणि दोन दिवस हाताशी असतील तर विम्मरबीला जा, नेसचं लाल घर अजून उभं आहे. आणि लासेचं तिथलं वय मुलाला नीट समजावून सांगा. आम्ही_अर्धवट, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलंय.

आम्ही_अर्धवट :

पोचलं. एमिल मागवतोय.

लघुहस्त :

त्या घरात वह्या ठेवल्यात का हो? आणि हात लावू देतात का?

शेवंती :

नाही हो काका, वह्या ग्रंथालयात. पण टंकयंत्र आहे.